आंदणातली पोरगी

कपाटाला कुंकू लावलं. फ्रिजला लावलं. शिलाई मशीनला लावलं. मग माझ्या कपाळाला लावलं.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ताईसाहेबांचं लग्न होऊन आम्ही आदल्या दिवशीच कळंबकडच्या त्या बंगल्यात आलो होतो. बैठकीच्या खोलीत आंदण मांडून ठेवलं होतं. माहेरानं लेकीला काय काय दिलं ते बघायला सगळी भावकी लोटली होती. ताईसाहेबांच्या सासूला सगळे आत्याबाई म्हणायचे. त्या हातात करंडा घेऊन एकेक वस्तू दाखवत निघाल्या. वस्तूचं नाव घ्यायचं, कुंकवाचं बोट टेकवायचं, पुढं सरकायचं. मी कपाटाशेजारी उभी होते. मला तिथंच उभं केलेलं होतं.

त्या माझ्यापुढं आल्या तेव्हा एका पाहुणीनं विचारलं, "आन् ही कोण?"

आत्याबाई म्हणाल्या, "ही बी आंदणातच आलीय."

माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि त्या पंख्याकडं गेल्या.

सगळी खोली हसली. मी पण हसले. मला वाटलं, आपला मान झाला. ते हसणं अजून माझ्या अंगावर येतं. त्यांचं नाही. माझं.

मी आंदणात आले नव्हते. मी पाठराखीण म्हणून आले होते. नवरीला परक्या घरात एकटं वाटू नये म्हणून माहेरची एखादी पोर तिच्याबरोबर पाठवतात. चार-पाच दिवस राहायचं, गोडधोड खायचं आणि नवरी पहिल्यांदा माहेरी परतली की तिच्याबरोबर परत यायचं. नात्यातलीच पोर जाते. पण ताईसाहेबांच्या नात्यातल्या पोरींना शाळा होती. माझा बाप भूमजवळ त्यांच्या वडलांच्या शेतावर राबायचा. आमची झोपडी त्यांच्याच बांधावर. त्यांचे वडील बापाला म्हणाले, "पोरगी धाडून दे पाच दिस." बाप म्हणाला, "जी." आईनं माझं डोकं धुतलं, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या.

पाच दिवसांनी ताईसाहेब माहेरी गेल्या. गाडीत जागा नाही म्हणाल्या.

मी तेवीस वर्षं तिथं राहिले.

माझं नाव आणि आत्याबाईंचं नाव एकच निघालं. त्या घरात ते कसं खपायचं? तिसऱ्याच दिवशी मला चिंगी केलं. पुढं पुढं मलाही कुणी खऱ्या नावानं हाक मारली असती तर मी वळून बघितलं नसतं.

आमच्या वस्तीवरची जात त्यांना मोरीपर्यंत चालायची. मोरी, परस, गोठा, गच्ची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझी हद्द संपायची. भांडी मी घासायची, पण घासलेल्या भांड्यांवर आत्याबाई पुन्हा तांब्याभर पाणी ओतायच्या, मगच ती आत जायची. कपडे मी धुवायची, देवाची वस्त्रं सोडून. ताईसाहेबांची लेकरं झाली, ती मी अंगाखांद्यावर वाढवली. लेकरांचं हगणं-मुतणं माझ्या हाताला चालायचं. त्यांच्या ताटाला माझा हात चालायचा नाही. माझं ताट, माझा पेला परसातल्या कोनाड्यात. झोपायचं मोरीच्या बाहेरच्या बोळात. पगाराचं कुणी नाव काढलं नाही. काढणार कशाला? आंदणातल्या कपाटाला कुणी पगार देतं का?

मालक, म्हणजे ताईसाहेबांचे नवरे, बायकोवर हात उचलायचे. दार लावून. त्या दिवशी मला मार बसणार हे ठरलेलं. उलथनं, लाटणं, पायातली चप्पल, हाताला येईल ते. मार वरून खाली यायचा. सगळ्यात खाली मी. माझ्याखाली गोठ्यातली जनावरं, आणि त्यांना मी मारायची. खोटं कशाला बोलू? एकदा वासराला मी इतकं मारलं की ते दोन दिवस उठलं नाही.

आई मला न्यायला आली होती. लग्नाला दोन महिने झाले असतील. फाटकातच तिला आत्याबाईंनी सांगितलं, "पोरगी सुकात हाय. दोन येळा खाती. तिकडं नेऊन उपाशी मारतीस व्हय?" आई गेली नाही. रस्त्यापलीकडं लिंबाखाली बसून राहिली. मला गच्चीवर मिरच्या वाळत घालायला धाडलं होतं. आत्याबाई माझ्याशेजारी मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मी कठड्यावरून बघितलं. आईनं मला बघितलं. तिनं हात वर केला.

मी केला नाही. आत्याबाई बघत होत्या.

आई दुपारपर्यंत बसली आणि उठून गेली. नंतर मला कळलं, ताईसाहेबांच्या वडलांनी बापाला दम दिला होता. पोरगी परत आणलीस तर झोपडी उचल आणि चालायला लाग. म्हणजे आई-बाप तिकडं गहाण आणि मी इकडं. कुणी कुणाला बांधलं होतं तेच कळायचं नाही.

मी विशीत आले तेव्हा मालकांनी माझं लग्न लावलं. त्यांच्याच मळ्यावरच्या गड्याशी. तो त्या मळ्यातच जन्मला होता, त्याचा बापही तिथंच राबून मेला. पंपाच्या खोलीपुढं दोन हार, एक नारळ, झालं लग्न. गावात मालकांचं नाव झालं. पोरकीचं कन्यादान केलं म्हणे. पोरकी! माझी आई पंधरा कोसावर जिवंत होती.

मला मुलगी झाली. प्रतीक्षा. हे नाव मी ठेवलं. एवढी एकच गोष्ट मी त्या घराला न विचारता केली होती. मळ्याजवळ जिल्हा परिषदेची शाळा होती. मी दिवसभर बंगल्यात, पोरगी शाळेत. ती संध्याकाळी मला वाचून दाखवायची. मी खताच्या पोत्यावरची अक्षरं तिला विचारायची. ती चिडायची, "आई, एवढं बी येत न्हाय तुला?" मला बरं वाटायचं. मला काही येत नाही हे पोरीला कळत होतं, म्हणजे तिला काहीतरी येत होतं.

बंगल्यात एकच बाहेरची बाई यायची. हलीमाखाला. कळंबच्या मोहल्ल्यात राहायची, टोपली घेऊन गावोगाव बांगड्या भरायची. घरातल्या बायकांना बांगड्या भरून झाल्या की ती परसात यायची आणि माझा हात हातात घ्यायची. पंजा दाबून, अंगठा आत मुडपून, हळूच बांगडी चढवायची. काचेच्या दोन हिरव्या. पैसे घ्यायची नाही. त्या घरात इतक्या वर्षांत माझा हात मारण्याशिवाय कुणी धरला नव्हता. एकदा तिनं विचारलं, "तू कौनके घरकी गे?" मी म्हणाले, "ह्याच घरची." तिनं माझ्याकडं लई वेळ बघितलं. म्हणाली, "घरकी रहती तो हात ऐसे रहते क्या?"

ताईसाहेबांच्या लेकीचं लग्न ठरलं. मीच न्हाऊ-माखू घालून वाढवलेली पोर. बस्ता बांधून आणला होता. खोलीभर साड्या पसरल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेर बसून रिकामे खोके दाबत होते. ताईसाहेब साडीच्या घड्या घालत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझी पोरगी किती वर्साची झाली गं?"

"नऊ."

"चौथी झाली ना? बास की. छकुलीबरोबर धाडू तिला. पाठराखीण म्हणून. तू माझ्यासंगं आली व्हतीस तशी."

मला आधी काही ऐकूच आलं नाही. खोका हातातच राहिला. मग मी उठून उभी राहिले. त्या खोलीपुढं मी कधी उभी राहून बोलले नव्हते.

"न्हाय."

ताईसाहेबांनी मान वर केली. "काय?"

"पोरगी मी देत न्हाय."

"तुला इचारतंय कोण?"

"कुणी इचारलं न्हाय. म्हणूनच सांगायलेय."

त्यांनी साडी टाकली, उठल्या आणि थोबाडात मारली. दुसरी मारायला हात उचलला तो मी धरला. घट्ट. त्यांच्या हातातली एक बांगडी फुटली. मी त्यांना मारलं नाही. नुसता हात धरून ठेवला. तेवढ्यानंच त्यांचा चेहरा असा झाला, जसं कपाटानं हात धरला.

"नमकहराम," त्या म्हणाल्या. "चारीठाव खाऊ घातलं तुला."

मी म्हणाले, "शिळं घातलं. त्ये बी मी घासलेल्या ताटात."

मी हात सोडला आणि परसदारानं बाहेर पडले. दुपारचं ऊन होतं. मळ्यापर्यंत पळत गेले. नवरा बैलांना पाणी दाखवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मालकाच्या मनात असंल तर आपुन काय करावं? आपलं काय हाय हितं? समदं त्येंचंच."

"पोरगी आपली हाय."

तो बादली उचलून दुसऱ्या बैलाकडं गेला. मी त्याला शिव्या घातल्या. आज घालत नाही. तो त्या मळ्याबाहेर कधी गेलाच नव्हता. पण माफही करत नाही. बाप होता तो तिचा.

मी शाळेतून पोरीला उचललं. तिच्या पाठीवर दप्तर, माझ्या अंगावर तेच कामाचं लुगडं. रस्त्यावर येऊन एसटीला हात केला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हणाले, "बांगडीवालीकडं." गाडी हसली. प्रतीक्षा म्हणाली, "कळंब. एक फुल, एक हाफ." माझ्या कनवटीला लग्नघरातल्या पाहुण्यांनी लेकरू खेळवल्याबद्दल दिलेल्या नोटा होत्या. तेवढ्यावर आम्ही सुटलो.

हलीमाखालानं दार उघडलं. काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या दिला. तिच्याच पेल्यात. मी पेला हातात घेऊन बसून राहिले. ती म्हणाली, "पी ना गे. क्या देखती?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत गेलो. हवालदारानं नाव विचारलं. मी चिंगी म्हणाले. मग म्हणाले, "न्हाय, थांबा," आणि खरं नाव सांगितलं. तक्रार कुणाविरुद्ध म्हणाला. मी बंगल्याचं नाव घेतलं तसा त्यानं पेन खाली ठेवला.

"ए बाई, त्यांचं नाव घेताना जीभ झडंना का तुझी? गप घरी जा. मालकाला फोन लावू का?"

त्यानं लावलाच. तासाभरात मालकांचा माणूस तक्रार घेऊन आला. चांदीच्या दोन समया गेल्या म्हणे. बाई चोरून पळाली म्हणे. माझी तक्रार कुणी कागदावर घेत नव्हतं, त्यांची लगेच घेतली. मला बाकावर बसवलं. पोरीला माझ्या मांडीशी. येणारा-जाणारा वाकून बघायचा, चोरीण कशी दिसते.

तेव्हा हलीमाखाला बाहेर गेली. मला वाटलं, गेली ही पण. ती टोपली घेऊन परत आली आणि ठाण्याच्या ओट्यावर बांगड्या मांडून बसली. बाजारचा दिवस होता. बायका थांबायला लागल्या. खाला एकेकीचा हात हातात घ्यायची, बांगडी चढवायची आणि सांगायची, "अंदर मेरी बेटी बैठी है. तेवीस साल मुफत में बर्तन घासी. अब चोर हो गई." हवालदार बाहेर आला. "ए खाला, उठ इथनं." खाला म्हणाली, "हात में चूडी अटकी है साहब, आधी चढी है. निकलती नै." बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ओटा भरला, पायऱ्या भरल्या. त्यातल्या एकीनं आत येऊन विचारलं, "हिच्या झडतीत समया सापडल्या का?" नव्हत्या सापडल्या. समया आंदणातल्या, माझ्या कमरेएवढ्या उंच, दप्तरात कशा मावतील? संध्याकाळी मला सोडलं. माझी तक्रार मात्र घेतली नाही.

आठवड्यातच मालकांच्या सासऱ्यांनी, म्हणजे ताईसाहेबांच्या वडलांनी, माझ्या आई-बापाची झोपडी मोडली. ताट-वाट्या रस्त्यावर. आई मला भेटायला आली. मला वाटलं मिठी मारेल. ती म्हणाली, "तू तेवढं सोसलं असतंस तर आमचं घर राहिलं असतं." मी म्हणाले, "आन् प्रतीक्षानं?" तिनं पोरीकडं बघितलं. ते दोघं बार्शीकडं कुठं बांधकामावर गेले. बाप पुढं तिकडंच मेला. माझ्याशी बोलला नाही. हे माझ्या सुटकेचं मोल आहे. कुणी मला म्हणतं, तू जिंकलीस, तेव्हा मला बापाचं पाठमोरं डोकं दिसतं.

धाराशिवला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी माझ्या नावानं अर्ज लिहिला. वेठबिगारीतून मुक्त केल्याचा दाखला मिळावा. सुनावणी प्रांतांपुढं. पहिल्याच तारखेला साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही यांच्याकडून उचल घेतली होती का?"

"न्हाय."

"तुमच्या वडलांनी?"

"न्हाय."

"मग वेठबिगार कशा? कर्ज नाही, तर वेठ कसली?"

समोरचे वकील हसले. कर्ज असतं तर मी गुलाम होते. मी फुकट दिलेली होते, म्हणून कुणीच नव्हते.

वकीलबाईंनी मला कायद्याचं मराठी पुस्तक दिलं होतं. पातळ. खालाच्या घरी प्रतीक्षानं ते मला बोट ठेवून वाचून दाखवलं. अवघड शब्दावर ती अडखळायची, मागं जायची, पुन्हा वाचायची. एका ओळीवर मी तिला थांबवलं. रूढीनं बांधून राबवून घेतलं तरी ती वेठबिगारीच. जन्मानं, जातीनं बांधलं तरी. "पुन्ना वाच," मी म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं. ती ओळ मला पाठ झाली. माझ्या आयुष्यातली पाठ केलेली पहिली ओळ. पाळणा नाही, आरती नाही. कायदा.

पुढच्या तारखेला ताईसाहेब स्वतः आल्या. जरीची साडी, डोक्यावर पदर. त्यांनी जबाब दिला, "साहेब, आमी हिला घरच्या पोरीसारखी सांभाळली."

साहेबांनी मला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. वकीलबाई उठत होत्या. मी त्यांना खाली बसवलं.

"ताईसाब, मी घरची पोरगी व्हते?"

"व्हय."

"छकुली बी घरचीच. छकुलीला कुठल्या शाळंत घातलं?"

त्या मालकांकडं बघायला लागल्या.

"मला कुठल्या शाळंत घातलं?"

त्यांनी पदर पुढं ओढला.

"घरची पोरगी म्हणता, तर मग वाटा द्या. सातबाऱ्यावर माझं नाव लावा. आत्ता, साहेबांम्होरं लिहून द्या. मी अर्ज मागं घेते."

मालक खुर्चीतून उठले. "हिची लायकी काय आन् बोलती काय!" साहेबांनी त्यांना बसा म्हटलं. मी मालकांकडं बघत नव्हते. मी ताईसाहेबांकडं बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. परसात कानावर आलेलं मला तेव्हा कळलं. त्यांचं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. माहेरच्या नव्हतं, सासरच्या नव्हतं. माहेरानं हक्कसोडपत्रावर सही घेऊन लेकीला फ्रिज दिला होता, आणि सासरानं फ्रिजबरोबर लेक ठेवून घेतली होती. त्यांना कुंकू रोज लागत होतं, एवढाच फरक.

मला त्यांची दया आली का? लोक मला हे विचारतात. नाही आली. मारताना त्यांचा हात थरथरला नव्हता. पण एक गोष्ट मला त्या खोलीत पक्की समजली. माझी बेडी तोडायची तर तिचं दुसरं टोक कुठं अडकलंय तेही बघावं लागणार. ते टोक त्यांच्या पायात होतं, आणि त्या ते सोडायला तयार नव्हत्या, कारण बेडीच्या वरच्या बाजूला बसलंय म्हणजे आपण मालकीण, असं त्यांना वाटत होतं.

मग मी पुस्तक उघडलं आणि ती ओळ म्हणून दाखवली. न बघता. साहेबांनी आपल्याकडचं पुस्तक काढून ताडून बघितलं. बरोबर होती.

दाखला मिळायला दीड वर्ष गेलं. किती चपला झिजल्या, किती वेळा साहेब मीटिंगला गेले, किती वेळा "उद्या या". पण मिळाला. त्यावर माझं खरं नाव आहे. मालकांवर केस झाली, ती अजून चालू आहे. ते जामिनावर बाहेर आहेत, गावच्या सत्काराला पुढच्या खुर्चीवर असतात. मला रस्त्यात बघितलं की थुंकतात. नवरा त्याच मळ्यात आहे. प्रतीक्षा कळंबला शिकते. तिची भाषा आता पुस्तकी झालीय, माझी चुकी काढते.

दाखला मिळाल्यावर गप्प बसायचं होतं. तसं सगळ्यांनी सांगितलं. खालानं नाही. ती म्हणाली, "मेरेकू मालूम है और कौनसे घरां में है." बांगडीवालीला सगळी परसं माहीत असतात. भूमकडच्या दोन घरांत दोन पोरी होत्या, त्या काढल्या. मुरुमजवळ एक होती, तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. ती माझ्याकडं बघून रडायची. कळंबमधली एक सोडवली, तिला तिच्याच बापानं महिन्यात परत नेऊन घातली. तिच्या दारात मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाप कुऱ्हाड घेऊन आला. ती पोर अजून आत आहे. हे पण सांगून ठेवते.

गेल्या आठवड्यात धाराशिवला बायकांचा मोठा कार्यक्रम होता. महिलांच्या हक्कांवर. मला सत्काराला बोलावलं. शाल, नारळ, हार. व्यासपीठावर डॉक्टर, प्राध्यापक, मोठ्या घरच्या बायका. मला कडेच्या खुर्चीवर बसवलं. सूत्रसंचालन करणारी कानात म्हणाली, "दोनच मिनिटं बोला हं. तुमच्या सुटकेबद्दल. छान छान बोला."

एक बाई बोलत होत्या. स्त्री कशी सक्षम झाली पाहिजे. टाळ्या. मी समोर बघत होते. मागच्या दाराशी एक पोर उभी होती. दहाएक वर्षांची. कडेवर गुटगुटीत बाळ, खांद्याला बाळाची पिशवी, पायात काही नाही. बाळ घसरायचं, ती कंबर बाहेर काढून त्याला वर घ्यायची. मला तो हिसका ओळखीचा आहे. माझी कंबर अजून एका बाजूला वाकडी आहे.

माझी पाळी आली. मी माईकपुढं गेले. म्हणाले, "त्या मागच्या दाराशी एक पोरगी उभी हाय. तिच्या कडंवर बाळ हाय. बाळ कुणाचं ते मला कळालं, ह्या बाई सारख्या वळून बघायल्यात. ती पोरगी कुणाची हाय तेवढं सांगा."

सगळ्या माना मागं वळल्या.

दुसऱ्या रांगेतली बाई उठली. "अहो, ती आमच्याकडे असते. अगदी घरच्यासारखी आहे."

"कितवीला हाय?"

"तिला आवड नाही शाळेची."

"तुम्ही इचारलं का ती बोलली?"

सूत्रसंचालन करणारी उठून माझ्याजवळ आली. "ताई, विषयाला धरून बोला."

"हाच इषय हाय," मी म्हणाले. "बायकांच्या हक्काचा कार्यक्रम हाय ना? मग ती बाई न्हाय का? का बाई व्हायला दोन चपला लागत्यात?"

माईक बंद झाला. मी तशीच बोलत राहिले. माझा आवाज मोठा आहे, परसातून गच्चीवर ओरडून कमावलेला. "तुमी नवऱ्याकडं बरोबरी मागता. मागा. मी तुमच्याबरोबर मोर्च्यात येते, माझं बी नाव त्यात हाय. पण तुमी मोर्च्याला येता तवा घरी लेकरू कोण धरतंय, त्ये आधी सांगा. तुमची सुटका दहा वर्साच्या पोरीच्या कंबरड्यावर हुबी आसंल तर ती सुटका न्हाय. ती नुसती मालकी बदलली."

कुणीतरी म्हणालं, "कार्यक्रमाची शोभा घालवली." कुणी म्हणालं, "ह्यांना डोक्यावर बसवलं की असंच होतं." 'ह्यांना'. तो शब्द मी नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते, तो शिकलेल्या तोंडातून पण तसाच येतो. मागं दोन-तीन पोरी टाळ्या वाजवत होत्या, कॉलेजातल्या असाव्यात. त्यांनाही कुणी गप्प केलं.

मी शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. पोरीजवळ गेले. विचारलं, "कुठली गं तू?" ती बाळाच्या डोक्याआडून म्हणाली, "मुरुमच्या अलीकडं." "आई हाय?" तिनं मान हलवली. आहे. "कधी भेटलीस?" ती विचार करायला लागली. तेवढ्यात बाळाची आई आली, तिच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन गेली. गाडीचं दार लागलं.

त्या बाईंचं घर मी शोधून काढलंय. दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला आणि पोच घेतली. वकीलबाईंनी सांगितलं, त्यांचे मिस्टर मोठ्या ओळखीचे आहेत, जपून. संध्याकाळी एक फोन आला. माणूस गोड बोलला. पोरीच्या आईला आम्ही मदत करू म्हणाला, तुमच्या मुलीच्या कॉलेजचं पण बघू म्हणाला. मग म्हणाला, "तुमची केस अजून चालू आहे ना? समयांची पण फाइल आहे."

मी म्हणाले, "फाइल उघडा. मी हजर हाय."

काल मुरुमला जाऊन पोरीची आई गाठली. दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. आधी भ्याली. ह्याच रानाच्या मालकाच्या बहिणीकडं पोरगी आहे, बोललं तर काम जाईल म्हणाली. मी तिला खोटं सांगितलं नाही. काम जाईल, म्हणाले. झोपडी पण जाईल. माझ्या आईची गेली. ती लई वेळ खुरपं मातीत फिरवत बसली. मग पदराला हात पुसले आणि अर्जावर अंगठा दिला.

उद्या सोमवार. अकरा वाजता अधिकारी त्या घरी येणार म्हणालेत. ते येतील किंवा त्यांना मीटिंग लागेल. मी दहालाच जाणार आहे, पोरीच्या आईला घेऊन, प्रतीक्षाला घेऊन. खालाचे गुडघे गेलेत, ती रिक्षानं येणार आहे. बेल वाजवणार. दार उघडलं तर आत जाणार, बैठकीच्या खोलीतून, परसदारानं नाही. दार उघडलं नाही तर दारात बसणार. पोलीस आले तर पोलिसांपुढं बसणार. हात धरून उठवलं तर पुन्हा येऊन बसणार. ती पोरगी आईचा हात धरून फाटकाबाहेर येत नाही तोवर मी तिथनं उठणार न्हाय.